लाइव्ह अल्बम ऐकावा कसा: गाणी, गिटार आणि मधली जागा

गाणं संपतं, टाळ्या पडतात, हळूहळू विरतात. मग गिटारची एक तार वाजते. पुन्हा तीच तार, आता किंचित खाली. गायक घसा साफ करतो आणि काहीतरी बोलायला लागतो. नेमक्या याच क्षणी बहुतेकांचं बोट पुढच्या ट्रॅकच्या बटणाकडे जातं. ते बोट तिथेच थांबावं म्हणून हा लेख लिहितो आहे.

स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे आणि एका गिटारवर ती गाणारे फोक गायक मी बरीच वर्षं ऐकतो आहे. त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं मला स्टुडिओतल्या अल्बमपेक्षा जास्त जवळची वाटतात. त्यात गाणं तर असतंच, शिवाय ते कुणापुढे गायलं, त्या दिवशी गायकाचा गळा कसा होता, समोरची माणसं कशाला हसली आणि कशाला गप्प झाली, हेही असतं. यातलं निम्मं दोन गाण्यांच्या मधे सापडतं. म्हणून ऐकण्याची पद्धतही थोडी वेगळी लागते. मी जे करतो ते क्रमाने सांगतो.

आधी दहा मिनिटं: ही मैफल नक्की कुठली?

अल्बम लावण्याआधी तीन गोष्टी शोधून ठेवा: ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेचं, कोणत्या जागेतलं आणि एकाच रात्रीचं की अनेक रात्रींतून निवडून जोडलेलं. वेष्टनावरच्या मजकुरात बहुधा हे मिळतं.

वेष्टनावर लगेच विश्वास मात्र ठेवू नका. अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलनची १९६६ सालची एक मैफल लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली म्हणून वर्षानुवर्षं चोरट्या प्रतींमधून फिरत होती. प्रत्यक्षात ती १७ मे १९६६ ची, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली. १९९८ मध्ये ती अधिकृतपणे निघाली तेव्हाही जुनं चुकीचं नाव अवतरणचिन्हांत तसंच ठेवलं गेलं, कारण लोक तिला त्याच नावाने ओळखत होते.

तारखेमुळे ऐकण्यात किती फरक पडतो याचं माझं आवडतं उदाहरण पीट सीगर या अमेरिकन फोक गायकाचं आहे. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याची मैफल झाली ८ जून १९६३ ला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा लढा तेव्हा ऐन भरात होता आणि त्या चळवळीतली गाणी तो श्रोत्यांकडून गाऊन घेत होता. त्यानंतर चारच दिवसांनी, १२ जूनला, त्या लढ्यातले एक नेते मेडगर एव्हर्स यांची मिसिसिपीत त्यांच्या घरापाशी गोळी घालून हत्या झाली. सभागृहातल्या एकालाही पुढे काय होणार ते ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. हे डोक्यात ठेवून ते समूहगान ऐकलं की अंगावर काटा येतो.

जागेचा आकारही पाहून ठेवा. शंभर माणसांची खोली आणि अडीच हजारांचं सभागृह यांत गायक वेगळा बोलतो, वेगळा थांबतो, वेगळा गातो.

यंत्राची तयारी

इथे फार वेळ घालवू नका. चार गोष्टी केल्या की पुरे.

शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारी सोय, बंद करा. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणारी सोय, बंद करा, नाहीतर एका गाण्याच्या टाळ्या दुसऱ्या गाण्याच्या बोलांवर चढतात. गॅपलेस प्लेबॅक, म्हणजे दोन ट्रॅकच्या मधे खंड न पडू देणारी सोय, चालू ठेवा. मी एकदा एका लाइव्ह अल्बमच्या फाइली स्वतः तयार केल्या आणि प्रत्येक ट्रॅकनंतर दोन सेकंदांची शांतता राहून गेली. टाळ्या ऐन भरात असताना कापल्या जायच्या, दोन सेकंद काळोख, मग तुटलेल्या टाळ्यांचा उरलेला तुकडा. सगळी मैफल अशी फाटकी झाली. शेवटी सगळं नव्याने केलं.

चौथी गोष्ट, आवाजाची पातळी समान करणारी सोय. प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा मोजून सारखा करणारा पर्याय चालू असेल, तर हळुवार गाणं आणि दणदणीत गाणं एकाच उंचीवर येतात आणि गायकाने संध्याकाळभर बांधलेला चढउतार सपाट होतो. संपूर्ण अल्बम एकत्र मोजणारा पर्याय असेल तर तो घ्या, नसेल तर ही सोय बंदच करा.

आता आवाज किती मोठा ठेवायचा? इथे माझी एक युक्ती आहे. आवाज गाण्यावर लावू नका, बोलण्यावर लावा. गायक गाण्याआधी दोन वाक्यं बोलतो तो तुकडा शोधा आणि समोर दोन-तीन हातांवर बसलेला माणूस साध्या सुरात बोलतोय असं वाटेपर्यंत आवाज कमी-जास्त करा. मग हात लावू नका. गाणं आपोआप योग्य उंचीवर येतं आणि टाळ्याही अचानक कानावर आदळत नाहीत.

पहिल्यांदा ऐकताना शक्यतो स्पीकर वापरा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला की सभागृह डोळ्यांपुढे उभं राहतं. हेडफोन नंतरच्या फेरीसाठी ठेवा.

पहिली फेरी: श्रोता म्हणून

सलग ऐका. मैफलीला मध्यंतर असेल तर तिथेच उठा. गाण्यांचे शब्द समोर ठेवू नका. वाचायला लागलं की कान अर्धे मिटतात आणि गायकाने कुठे श्वास घेतला ते निसटतं. एखादं कडवं कळलं नाही तर नाही कळलं. सभागृहातल्या माणसाच्या हातातही कागद नव्हता.

भाषा किंवा उच्चार परका असेल तर हे जड जातं, मान्य आहे. तरीही पहिली फेरी अशीच करा. एक वही जवळ असू द्या आणि फक्त ज्या क्षणी तुम्ही दचकलात, हसलात किंवा सावरून बसलात ती वेळ टिपून ठेवा. पुढच्या फेऱ्यांमध्ये त्याच जागी परत जायचं आहे.

दुसरी फेरी: मधली जागा

ही फेरी सगळ्यात महत्त्वाची. इथे गाणी ओळखीची झालेली असतात, म्हणून लक्ष त्यांच्या मधे द्यायचं.

सुरुवात सूर जुळवण्यापासून करू. गायक दर गाण्यानंतर गिटार का जुळवत बसतो? मंचावरचे दिवे तापतात, पोलादी तारा गरम होऊन प्रसरण पावतात, ताण कमी होतो आणि सूर उतरतो. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की तारा दाबल्या जाऊन सूर थोडा चढतो. त्यातही गायक वेगवेगळ्या गाण्यांसाठी तारा वेगवेगळ्या स्वरांत लावणारा असेल तर काम आणखी वाढतं. नुकतीच उतरवलेली तार काही वेळ स्वतःहून वर सरकू पाहते, नुकतीच चढवलेली खाली घसरू पाहते. म्हणून अनुभवी वादक तार हव्या त्या सुरावर आणून लगेच सोडत नाही. ती थोडी ओढून पाहतो, पुन्हा तपासतो. हेडफोन लावून ऐका, एकच तार तीन-चार वेळा वाजलेली स्पष्ट कळते.

या कामाला अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत वेळ लागतो. तेवढा वेळ सभागृह शांत ठेवणं परवडत नाही, म्हणून गायक बोलायला लागतो. फोक मैफलींमधल्या कितीतरी गोष्टी, विनोद, आठवणी या गरजेतून आल्या आहेत. एकदा हे लक्षात आलं की बोलण्याची लय हातांच्या कामाला कशी बांधलेली आहे ते ऐकू येतं: वाक्य अर्धवट थांबतं, एक तार वाजते, वाक्य पुढे जातं. गोष्टीचा शेवट आणि शेवटची तार जुळणं एकाच वेळी घडलं, तर तुम्ही मुरलेल्या कलावंताला ऐकत आहात.

बोलण्यात काय ऐकायचं? एक तर ते पुढच्या गाण्यासाठी जमीन कशी तयार करतं. दुःखाच्या गाण्याआधी विनोद सांगणारे गायक असतात आणि ते उगाच सांगत नाहीत. हसून सैल झालेल्या माणसाला पहिली ओळ जास्त खोल लागते. टाउन्स व्हॅन झँट हा टेक्ससचा गीतकार-गायक. ह्यूस्टनमधल्या ओल्ड क्वार्टर या लहानशा जागेत जुलै १९७३ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि १९७७ मध्ये त्याचा दुहेरी अल्बम निघाला. तो एकटा आहे, हातात फक्त गिटार. अत्यंत उदास गाण्यांच्या रांगेत तो मधेच बोलत-बोलत म्हणायची गमतीची ब्लूज गाणी पेरतो. ती वगळून ऐकून पाहा. उरलेल्या गाण्यांचं वजन चक्क कमी होतं.

दुसरं, बोलणं हे गायकाच्या हातातलं हत्यारही असतं. मँचेस्टरच्या त्या मैफलीचा पूर्वार्ध डिलनने एकट्याने, साध्या गिटारवर गायला आणि लोकांनी तो शांतपणे ऐकला. उत्तरार्धात इलेक्ट्रिक गिटार आणि वादकसंच आला, तसे फोक गायकाने साधी गिटार सोडली म्हणून चिडलेले श्रोते मुद्दाम संथ टाळ्या वाजवून गाणं सुरू होऊ देईनात. डिलन काय करतो? माइकवर तोंडातल्या तोंडात काहीतरी अर्थहीन पुटपुटायला लागतो. हा काय बोलतोय ते ऐकायला लोक गप्प होतात. सगळे गप्प झाले की शेवटचे थोडे शब्द तेवढे स्पष्ट येतात: इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या नसत्या तर, अशा अर्थाचे. सभागृह हसतं आणि गाणं सुरू होतं. शेवटी प्रेक्षागृहातून एक जण ‘ज्युडास’ असं ओरडतो, म्हणजे विश्वासघातकी. डिलन त्याला खोटारडा म्हणतो आणि वादकांना मोठ्याने वाजवायला सांगतो. या सगळ्यासकट ऐकलं की त्यापुढचं गाणं कुणाला उद्देशून गायलं जातंय ते समजावून सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. गायक सांगतो त्या गोष्टी इतिहास म्हणून घेऊ नका. त्याच दौऱ्यातलं दुसऱ्या गावचं ध्वनिमुद्रण मिळालं तर लावून पाहा. अगदी त्या क्षणी सुचल्यासारखी वाटलेली आठवण तिथेही त्याच शब्दांत, त्याच विरामांसह येते. मला सुरुवातीला हे कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. ती गोष्टही त्याने गाण्यासारखीच घासून-पुसून तयार केलेली असते.

श्रोत्यांकडे कान

टाळ्या तीन प्रकारच्या असतात. गाणं संपल्यावरच्या तर सगळ्यांना ठाऊक आहेत. दुसऱ्या म्हणजे गिटारच्या पहिल्या चार स्वरांवर येणाऱ्या, ओळखीच्या टाळ्या. कुठलं गाणं तेव्हा लोकांच्या ओठांवर होतं ते यावरून कळतं. तिसऱ्या सगळ्यात मौल्यवान, गाण्याच्या मधेच एखाद्या ओळीवर उसळणाऱ्या.

मूळच्या कॅनडाच्या नील यंग या गायकाची टोरंटोच्या मॅसी हॉलमधली १९ जानेवारी १९७१ ची मैफल २००७ मध्ये अल्बम म्हणून आली. तो एकटा, गिटार आणि पियानो घेऊन. त्यातली काही गाणी पुढे जगप्रसिद्ध झाली, पण ती असलेला स्टुडिओ अल्बम निघाला १९७२ मध्ये. म्हणजे त्या रात्री लोक ती नव्यानेच ऐकत होते. आज आपण पहिल्या स्वराला ओळखून खूश होतो आणि सभागृह मात्र शांत, पुढे काय येतंय याची वाट पाहत बसलेलं. आता त्याच मैफलीत कॅनडाला परत जाण्याची एक ओळ येते. तेही नवंच गाणं, पण परदेशी गेलेला आपला मुलगा आपल्यापुढे आपल्या देशाचं नाव गातोय म्हटल्यावर सभागृह मधेच उसळतं. अशी टाळी स्टुडिओत कुठून येणार?

श्रोते सोबत गाऊ लागले तर त्यांची लय पाहा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटर मागे बसलेल्यांना गाणं एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतं आणि त्यांचा आवाज मंचापर्यंत यायला तेवढाच वेळ आणखी लागतो. म्हणून मोठ्या सभागृहातलं समूहगान नेहमी जरा मागे रेंगाळतं. गायक त्यांच्यासाठी थांबला तर गाणं हळू होत जातं, न थांबता हातांनी लय धरून ठेवली तर लोक मागून ओढले जातात. पीट सीगर याबाबतीत उस्ताद होता. लोक एक ओळ गात असतानाच तो पुढच्या ओळीचे शब्द भराभर सांगून मोकळा होतो आणि हजारो माणसं कागदाशिवाय गातात.

फर्माइशींकडेही लक्ष द्या. गीतकार-गायिका जोनी मिचेलच्या १९७४ च्या लाइव्ह अल्बमवर लोक जुन्या गाण्यांची नावं ओरडत राहतात. ती हसत सांगते की चित्रकाराचं काम एकदाच होतं, व्हॅन गॉगला कुणी त्याचं तारांकित रात्रीचं चित्र पुन्हा काढ असं म्हटलं नाही. आणि मग जुनंच गाणं सगळ्यांना सोबत घेऊन गाते. स्वतःचंच गाणं हजाराव्यांदा गाण्याचा प्रश्न या गायकांना कसा छळतो, ते तिच्या त्या मिनिटाभराच्या बोलण्यात जितकं कळतं तितकं मुलाखतींत कळत नाही.

तिसरी फेरी: हात, श्वास आणि माइक

आता हेडफोन. आवडलेली तीन-चार गाणीच घ्या.

पहिल्यांदा फक्त गिटारचा अंगठा ऐका. बोटांनी तारा छेडणारे बहुतेक फोक वादक अंगठ्याने खालच्या स्वरांच्या तारांवर एक सारखी चाल धरतात आणि बाकीची बोटं वर सुरावट विणतात. गायक शब्दांत हरवला की अंगठा किंचित घाई करतो किंवा ढिला पडतो, आणि भावना कुठे दाटली ते तिथे सापडतं.

मग माइक. ओठ माइकच्या अगदी जवळ आले की आवाज जाड, खर्जाचा होतो. मागे सरकले की पातळ होऊन त्यात खोलीचा घुमारा मिसळतो. ‘प’ आणि ‘ब’ वर फट् असा हवेचा धक्का येतो. एकाच कडव्यात आवाज जाड-पातळ होत असेल तर गायक मान हलवतोय, बहुधा गिटारकडे बघतोय, हे डोळे मिटूनही दिसतं.

आवाजाची आणखी एक खूण. एकटा गायक गिटार घेऊन गातो तेव्हा गळ्याचा आवाज गिटारच्या माइकमध्येही जातो आणि गिटारचा गळ्याच्या माइकमध्ये. त्यामुळे नंतर स्टुडिओत बसून एकट्या गळ्यातली चूक दुरुस्त करणं फार अवघड. मोठ्या वादकसंचांच्या लाइव्ह अल्बममध्ये मागाहून बरीच डागडुजी होऊ शकते. एकट्या फोक गायकाच्या अल्बममध्ये चुकलेला शब्द, फाटलेला सूर सहसा तसाच राहतो. मला या ध्वनिमुद्रणांवर विश्वास वाटतो त्याचं हे साधं यांत्रिक कारण आहे.

जोडकाम ओळखायचं असेल तर टाळ्यांच्या शेपटीकडे कान द्या. टाळ्या पूर्ण शांततेपर्यंत बारीक होत गेल्या आणि पुढचं गाणं वेगळ्याच घुमाऱ्यात सुरू झालं, तर तिथे कात्री चालली आहे. जुन्या एलपीवर एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटंच मावत, त्यामुळे गाण्यांचा क्रम कित्येकदा बाजूंच्या सोयीने बदलला जायचा. सीगरची तीच मैफल १९६३ मध्ये एका एलपीपुरती छाटून निघाली आणि पूर्ण स्वरूपात १९८९ मध्ये दोन सीडींवर आली. अशी पूर्ण आवृत्ती उपलब्ध असेल तर नेहमी तीच घ्या.

स्टुडिओतल्या गाण्याशी ताडून पाहणं

एकच गाणं निवडा. आधी स्टुडिओतलं ऐका, लगेच मैफलीतलं. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चाराने गुणा, दोन्हींची लय कळेल. पट्टी बदलली आहे का पाहा. वय वाढलं की अनेक गायक खालच्या पट्टीत उतरतात. आता शब्द समोर घ्या. कुठलं कडवं गाळलं, कुठला शब्द बदलला ते लिहा. शब्द बदलला असेल तर तो विसरल्यामुळे की मुद्दाम, हे पुढच्या ओळीवरून बहुतेक वेळा कळतं. विसरलेला गायक क्षणभर अडखळतो, मुद्दाम बदलणारा त्या शब्दावर जोर देतो.

दोन्हींत सरस कुठलं हे ठरवायची घाई नको. मला मैफलीतलं जवळचं वाटतं, पण अशीही गाणी आहेत की ज्यांना स्टुडिओतली शांतताच मानवते.

ध्वनिमुद्रण खराब असेल तर

अमेरिकन फोक गायक वुडी गथ्रीची १९४९ ची न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमधली मैफल एका विद्यार्थ्याने तारेवर, म्हणजे बारीक पोलादी तारेवर आवाज टिपणाऱ्या यंत्रावर मुद्रित केली होती. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या विभागात तिला ग्रॅमी मिळालं. तारेची गती सारखी डळमळत असल्यामुळे सूर हेलकावे खात होते. ते सरळ करायला गणितज्ञाची मदत घ्यावी लागली. एवढं करूनही आवाज जुनाच वाटतो. अशा अल्बमला पहिली दहा मिनिटं द्या. कान खरखरीला सरावतात आणि मग ती मागे पडते. तिथे वुडी निवांत बोलतो, त्याची पत्नी मार्जोरी त्याला प्रश्न विचारून गोष्टीवर आणते. ज्याची गाणी आपण इतरांच्या गळ्यातून ऐकत आलो, तो माणूस स्वतः बोलताना ऐकणं यासाठी थोडी खरखर मी आनंदाने सोसतो.

सुरुवात कुठून करावी

पूर्वी कधीच असा अल्बम ऐकला नसेल तर मॅसी हॉलपासून करा. आवाज स्वच्छ आहे, गाणी छोटी आहेत, बोलणं मोजकं आहे. त्यानंतर ओल्ड क्वार्टर, एखाद्या मोकळ्या रात्री, पूर्ण दोन्ही भाग. मँचेस्टर तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. शेवटचं गाणं झाल्यावर लगेच बंद करू नका. टाळ्या चालू असतात, कुणी शीळ घालतं, कुणी वन्स मोअर मागतं. ट्रॅक आपोआप थांबेपर्यंत बसून राहा.